कुंपणावर कोण बसतं?

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांतले काही पुढारी कुंपणावर जाऊन बसतात. अमुक आमदार अजून कुंपणावरच आहेत, तमुक गट कुंपणावरून उतरायला तयार नाही, असं छापून येतं आणि आपण ते बिनतक्रार वाचतो. हा वाक्प्रचार इंग्रजीतून आला आणि येताना तिकडचं कुंपणही घेऊन आला: लाकडाचं, आडव्या फळ्यांचं, वर पाय लोंबते सोडून बसता येईल असं. मराठी मुलखातलं कुंपण म्हणजे बोरी-बाभळीच्या फेसाट्या, निवडुंग, नाहीतर घायपात. त्यावर एखादा पुढारी खरोखर बसला, तर पक्ष निवडायला त्याला क्षणाचाही वेळ लागणार नाही. आपल्या कुंपणाशी जमवून घेणारा प्राणी एकच, सरडा. आणि त्याचीही धाव म्हणीत कुंपणापर्यंतच आहे. दुसरी म्हण कुंपणच शेत खातं म्हणणारी. राखणीला ठेवलेल्यावर किती विसंबायचं, याचा अंदाज आपल्या माणसांना फार पूर्वी आलेला दिसतो.

गावाकडचं हे काटेरी प्रकरण शहरात आलं आणि कागदावर चढलं. बिगरशेती प्लॉट घेतलेल्या माणसाला साधी चार बाजूंनी आडोसा करायची इच्छा होते आणि त्याच्यासमोर शब्दांची रांग उभी राहते: हद्द कायम, क प्रत, सामासिक अंतर, वॉल कंपाउंड, ना-हरकत, मंजुरी, परवाना. सगळे वापरून गुळगुळीत झालेले शब्द. नगररचना विभागाच्या बाकावर बसून पाळी येण्याची वाट पाहताना ते एकेक करून उलटून पाहिले, तर खाली बरंच काही लिहिलेलं सापडतं.

पण आधी कुंपणाचं घरचं नाव पाहू. कोकणात कुंपणाला वई म्हणतात, पलीकडे कोकणीत वंय. शब्द एवढासा, पण जुना. संस्कृतात ‘वृति’ म्हणजे वेढा, आवार. झाकणं, वेढणं या अर्थाच्या ‘वृ’ धातूपासून झालेला. प्राकृतात त्याचा ‘वइ’ झाला आणि तोच आपल्या परसात येऊन उभा राहिला. भातं कापून झाली की गुरं मोकळी सुटतात आणि मग ज्याला परसात मिरच्या-वांगी नाहीतर वायंगणी करायची असेल, त्याला वई घालावीच लागते. खुंट पुरायचे, त्यांना दोन्ही अंगांनी चिव्याच्या कांबी आडव्या बांधायच्या आणि दोन कांबींच्या मध्ये काटेरी डहाळ्या उभ्या दाबून बसवायच्या. जायला-यायला एक बेडं किंवा कवाडी. ही वई एक-दोन हंगाम टिकते, वाळवी लागते, पुन्हा घालायची. जिवंत कुंपण हवं असेल तर शेर, मोगली एरंड, निर्गुडी, अडुळसा. यातली शेर-एरंडासारखी मंडळी चिकाची, बाकीची कडू वासाची. गुरं-शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत, हीच त्यांची गुणवत्ता. ज्याच्याकडे जांभ्याची बेगमी आहे तो गडगा रचतो: चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. पावसाचं पाणी फटींतून निघून जातं म्हणून गडगा उभा राहतो. ही फटीची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल.

वई कोणाविरुद्ध घालायची, याचं उत्तर वृति या शब्दासोबतच आलेलं आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गुरं आणि शेत यांच्या भांडणाचे नियम आहेत. गावाच्या कडेच्या बिनकुंपणाच्या शेतात गुरांनी नासधूस केली तर गुराख्याला दंड नाही, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे कुंपणाची जबाबदारी शेतवाल्याची. मग कुंपण कसं असावं? उंटाला वरून आत पाहता येणार नाही इतकं उंच आणि कुत्र्या-डुकराला तोंड घालता येईल असं एकही भोक न ठेवलेलं. मला हा नियम फार आवडतो. त्यात हात नाहीत, धनुष्य नाही, कुठलंच माप नाही. तीन प्राणी मोजपट्टीसारखे उभे केले आहेत, एक वरच्या कडेला आणि दोन खालच्या. कोणत्याही बांधकाम नियमावलीत उद्देश आणि माप इतक्या थोडक्यात एकत्र आलेले मी तरी पाहिलेले नाहीत. (त्या ग्रंथातलं बाकी बरंच काही आवडण्यासारखं नाही, हे वेगळं सांगायला नको.)

‘वृ’चाच पसारा मानलेला आणखी एक शब्द म्हणजे वाट. रस्ता या अर्थाचा नव्हे, संस्कृतातला ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा. त्यापासून वाडा, वाडी, गुरांचं वाडगं. गुजराती आजही कुंपणाला वाड म्हणतो, हिंदी बाड. आपण मात्र कुंपणाचं नाव आतल्या वस्तूला देऊन टाकलं. पेशवाईतला चौसोपी वाडा असो, गिरगावातली फणसवाडी असो की सावंतवाडी, शब्दाच्या पोटात एक कुंपण आहेच. पुण्यातले वाडे पाडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक इमारतीभोवती नव्याने कुंपण घालावं लागलं, हा शब्दाने उगवलेला सूड म्हणायचा.

इमारत म्हटलं, तर तो शब्दही सोडू नये. अरबीतल्या ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ वस्ती करणं, नांदतं करणं. ‘उमर’ त्याच घरातला. साहजिकच इमारत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे माणसं राहतात ती जागा येते. कायद्याच्या डोळ्यांपुढे तसं येत नाही. १९४९ सालच्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात, म्हणजे आताच्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात, इमारतीची जी व्याख्या आहे तिच्यात घर, गोठा, शेड, ओटे, पायऱ्या यांच्याबरोबर आवाराच्या भिंती आणि कुंपणंही घातलेली आहेत. ‘अहो, नुसतं कुंपण तर घालतोय, त्याला कसली परवानगी?’ हा प्रश्न महापालिकेच्या खिडकीवर रोज विचारला जातो आणि आतला कारकून रोज कंटाळतो, त्याचं मूळ या व्याख्येत आहे. बोलीत कुंपण आणि इमारत या दोन गोष्टी आहेत, कायद्यात पहिली दुसरीच्या पोटात आहे.

आता वॉल कंपाउंड. इंग्रजीत शब्दांचा क्रम उलटा, हे सांगायला कोणी जाऊ नये. मराठीत तो वॉल कंपाउंड असाच रुजला, कारण आपल्याला कंपाउंड म्हणजेच कुंपण वाटतं आणि ते कशाचं हे आधी सांगायची आपली सवय: तारेचं कंपाउंड, पत्र्याचं कंपाउंड, तसं वॉल कंपाउंड. ‘कुंपण’ आणि ‘कंपाउंड’ यांचा नाद इतका जवळचा आहे की एकातून दुसरा आला असावा असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं नाही. कंपाउंड हा शब्द मलय भाषेतल्या ‘कंपुंग’पासून आला असं बहुतेक कोशकार मानतात. कंपुंग म्हणजे वस्ती, घरांचा कुंपणाने वेढलेला पुंजका. पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या युरोपियनांनी तो उचलला, हिंदुस्थानात बंगल्याच्या आवाराला लावला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या एका शब्दावर लांबलचक खल आहे. इंग्रजीत आधीच मिश्रण या अर्थाचा कंपाउंड होता, त्याच्या साच्यात हा परदेशी पाहुणा बसवला गेला. औषधं मिसळणारा कंपाउंडर आणि बंगल्याचं कंपाउंड यांची गाठ पडली ती फक्त स्पेलिंगमध्ये.

आणि इथे एक मजेदार योगायोग आहे. कंपाउंडच्या आत, भिंतीपासून घरापर्यंत जी मोकळी जागा सोडावी लागते तिला आपल्या नियमावल्यांच्या मराठीत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं की द्वंद्व, तत्पुरुष, बहुव्रीही यांचा इथे काय संबंध? संबंध त्या समासाशी नाहीच. वहीच्या पानावर डाव्या हाताला आपण जी कोरी पट्टी सोडतो तिलाही मराठीत समास म्हणतात, हा समास तो. प्लॉट म्हणजे पान, घर म्हणजे मजकूर आणि भोवती समास सोडायचा. ज्या कोणी भाषांतरकाराने हा शब्द बसवला त्याचं मला कौतुक वाटतं, सरकारी परिभाषेत इतकी चपखल प्रतिमा क्वचित सापडते. योगायोग असा की इंग्रजी व्याकरणात समासाला कंपाउंडच म्हणतात. म्हणजे कंपाउंडच्या आत समास सोडायचा, आणि या दोन शब्दांच्या ज्या अर्थांचं एकमेकांशी नातं आहे ते दोन्ही अर्थ इथे लागू नाहीत.

समास का सोडायचा हे पानाइतकंच उघड आहे: उजेड, वारा आणि वेळ आली तर अग्निशामक दलाचा बंब आत यावा. पण समासात मजकूर लिहायचा मोह जसा विद्यार्थ्यांना होतो तसा घरमालकांनाही होतो. आधी भिंतीला टेकवून एक पत्रा, मग त्याखाली स्कूटर, मग पत्र्याला दार, मग दारावर भाडेकरूचं नाव. 

भिंतीच्या उंचीचा नियम मात्र मनूच्या उंटाला उलटा करून ठेवणारा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत आवाराच्या भिंतीची कमाल उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजून दीड मीटर सांगितली आहे. २.४ मीटरपर्यंत जायचं असेल तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा, म्हणजे जाळीचा किंवा गजांचा हवा. आणि प्लॉट कोपऱ्यावरचा असेल तर जिथे दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही अंगांना दहा-दहा मीटरपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरच्या वर न्यायची नाही. तुरुंग, कारखाने, वीज उपकेंद्रं यांचा हिशेब वेगळा. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईची नियमावली स्वतंत्र. आपल्या प्लॉटला कोणतं माप चालतं हे ज्या त्या नगररचना विभागातून लेखी घ्यावं, गवंड्याच्या तोंडावर जाऊ नये.

पण माप बाजूला ठेवून पाहा. जुना नियम किमान उंचीचा होता, नवा कमाल उंचीचा. जुन्याला बाहेरच्याने आत पाहू नये अशी काळजी होती, नव्याला वळणावर येणाऱ्या गाडीवाल्याला पलीकडचं दिसावं अशी. पूर्वी भीती उंटाची होती, आता नजर अडेल याची आहे. रस्त्यावरून चालणाऱ्याचाही कुंपणावर काही हक्क आहे, ही कल्पना वृतीत नव्हती, वईतही नव्हती. ती शहराने आणली. आणि मराठी माणसाने तिच्यावर उतारा काढला तो भिंतीच्या माथ्यावर सिमेंटमध्ये रोवलेल्या फुटक्या बाटल्यांच्या काचांचा. दीड मीटरची भिंत कायद्याची, वरची बोराटी आमची.

अशा भिंतीचा नकाशा घेऊन माणूस मंजुरीला जातो. मंजुरीचं मूळ अरबीतल्या ‘मंजूर’ मध्ये, आणि मंजूर म्हणजे पाहिलेलं, नजरेखालून गेलेलं. नजर आणि मंजूर एकाच धातूचे. म्हणजे साहेबांनी पाहिलं की झालं मंजूर. शब्दाचा हा अर्थ साहेबांना कोणी सांगू नये, कारण तसं पाहिलं तर टेबलावरून नुसती फाइल फिरवणंही पुरेसं ठरेल. स्थळपाहणी हा जोड शब्द बहुधा त्याचसाठी ठेवावा लागला असेल.

हरकतीची गोष्ट याहून गमतीची. अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. हिंदीत ती चाळा किंवा नको ते कृत्य झाली, मराठीत अडथळा आणि आक्षेप. ‘माझी काही हरकत नाही’ हे आपण दिवसातून चारदा म्हणतो. त्याला शिक्का मारला की झालं ना-हरकत प्रमाणपत्र. मुळाकडे पाहिलं तर ते ‘हालचाल नाही’ असं प्रमाणपत्र आहे आणि ज्या कोणी ते मिळवण्यासाठी खेटे घातले असतील, त्याला शब्दाचा मूळ अर्थ पटायला व्युत्पत्तिकोश लागणार नाही.

परवाना फारसी. तिथे त्याचा एक अर्थ राजाज्ञा, हुकमाचा कागद. दुसरा अर्थ पतंग, दिव्यावर झेप घेणारा कीटक. उर्दू शायरीने दुसरा उचलला, मराठी दप्तराने पहिला. परवाना आणि परवानगी यांत आपण एक बारीक फरक केला, तो कामाचा आहे. परवानगी तोंडी असू शकते, शेजारीही देतो. परवाना कागदच असतो. ‘शेजाऱ्याची परवानगी घेतली होती’ हे वाक्य भिंत पाडायची नोटीस आल्यावर ऐकू येतं ते याच फरकामुळे.

शेतात गेलं की हे सगळे दरबारी शब्द मागे पडतात आणि बांध समोर येतो. बांध संस्कृत ‘बन्ध’चा, बांधणं या क्रियेचा. विदर्भात त्याला धुरा म्हणतात, कोकणच्या भातखाचरात मेर. दोन मालकांच्या जमिनी वेगळ्या करणारा तो सरबांध. वई गुरांविरुद्ध असते. बांध कोणाविरुद्ध नसतो, तो दोघांचा असतो आणि म्हणूनच भांडणाचा असतो. दरवर्षी नांगराचा एक तास बांधाच्या पोटातून घ्यायचा, याला बांध कोरणं किंवा टोकरणं म्हणतात. कोरणं ही क्रिया किती अचूक आहे पाहा. तोडणं नाही, फोडणं नाही, उंदराने भाकरी कोरावी तसं. पाच वर्षांत हातभर रान इकडचं तिकडे जातं आणि कुठल्याही एका दिवशी काही घडलेलं नसतं. ‘अतिक्रमण’ या संस्कृत शब्दात पाऊल आहे, क्रम म्हणजे पाऊल टाकणं, हद्द ओलांडून पाऊल टाकलं ते अतिक्रमण. बांध कोरणारा मात्र पाऊल टाकतच नाही.

बांधावरून जायच्या वाटेलाही कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली दुसऱ्याच्या गटाच्या बांधावरून वाट मिळावी असा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो. असलेली वाट कोणी काट्या टाकून अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. मामलेदार हे पद केव्हाच तहसीलदार झालं, कायद्याच्या नावात तेवढं उरलं.

हद्द अरबी, शीव आपली. ग्रामाचा गाव, नामाचं नाव, तशीच सीमेची शीव. दोन स्वरांमधला म असा व होतो. मुंबईचं शीव हे स्थानक म्हणजे मुंबई बेट संपून साष्टी सुरू होण्याआधीची सीमा. हद्द या शब्दाचं मराठीत फारच फावलं: महापालिकेची हद्दवाढ, गुंडाला हद्दपार, आणि कोणी फार केलं की हद्द झाली. शीव मात्र गावाच्या कडेला बसून राहिली.

आता तो गडगा आणि त्याच्या फटी. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीच्या आवाराची भिंत पलीकडच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्या आणि तशा बातम्यांत भिंतीसाठी दोन शब्द आलटून पालटून येतात, सीमाभिंत आणि संरक्षक भिंत. अडचण अशी की बांधकाम खात्याच्या मराठीत मातीचा रेटा थोपवणारी जी जाड भिंत असते तिलाही संरक्षक भिंतच म्हणतात. एकीचं काम नजर आणि पाय अडवणं, दुसरीचं काम टनावारी ओली माती अडवणं. पहिलीला नऊ इंची वीटकाम चालेल; दुसरीला रुंद पाया, लोखंड आणि पाणी बाहेर पडायला अंगात भोकं लागतात. सखल प्लॉटवाला भिंत बांधतो आवाराची आणि मग आतून भर टाकत जातो, जमीन उंच करतो. त्या दिवसापासून भिंतीचं काम बदललेलं असतं, नाव तेच राहतं. माती भिजली, पाणी कोंडलं की फटी नसलेली भिंत पुढे झुकते. शब्द वेगळे असते तर अपघात टळले असते असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याने ‘कोणाचं संरक्षण आणि कशापासून?’ एवढं विचारावं, इतपत जागा त्या शब्दात नक्की आहे. पहिलीला आवारभिंत आणि दुसरीला माती अडवणारी भिंत म्हणायला काय हरकत आहे, मराठीतल्या अर्थाने?

शेवटी सगळं येऊन ठेपतं ते मोजणीवर. भूमी अभिलेख कार्यालयात अर्जावर लिहावं लागतं ‘हद्द कायम मोजणी’. कायम हा अरबी ‘काइम’, म्हणजे उभा राहिलेला. मराठीत तो ‘नेहमीचा’ झाला, नोकरीत कायम झाला, पण इथे मूळ अर्थही जागा आहे: कागदावर आडवी असलेली हद्द जमिनीवर उभी करायची. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, पूर्वी साखळी टाकत, आता यंत्र लावतात. जुनी साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. साखळी लांब आणि साखळी रुंद तो गुंठा, १०८९ चौरस फुटांचा, आजही जमिनीचे भाव त्यातच बोलले जातात. खुणा दाखवल्या जातात, पंचांच्या सह्या होतात, काही दिवसांनी हद्दी दाखवलेली नकाशाची क प्रत मिळते. शेजाऱ्याला ती मान्य नसेल तर भूकरमापक त्याला उठवू शकत नाही. खूण दाखवणं त्याच्याकडे, कब्जा सोडवणं दिवाणी न्यायालयाकडे.

आणि क प्रत हातात असूनही भांडण उरतं ते पायाचं. नऊ इंची भिंतीचा पाया दीड-दोन फूट रुंद जातो. भिंतीची बाहेरची कड नेमकी हद्दीच्या दोरीवर धरली, तर जमिनीखालचा पाया पाच-सात इंच शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतो. आणि हे कोणाला कळतं, तर दहा वर्षांनी शेजारी आपली भिंत खणायला घेतो तेव्हा. जाणता गवंडी दोरी हद्दीवर बांधतो, पण चर आतल्या अंगाला मारतो. मालक कुरकुरतो, वीतभर जागा फुकट गेली म्हणतो, आणि मग बाहेर राहिलेल्या त्या पट्टीत कोयनेल लावायची की दुरांटा, यावर घरात चर्चा सुरू होते.